मेलाटोनिनची डबी आणि रात्री दोनचा थ्री फेज

झोपेसाठी घ्यायची मेलाटोनिनची गोळी हृदयालाही चांगली असते, रक्तवाहिन्यांतलं ब्लॉकेज ती साफ करते, असं सांगणारे मेसेज आणि व्हिडिओ आता आपल्या बेळगाव सीमाभागातल्या घराघरांत पोचले आहेत. शहापूरच्या एखाद्या मेडिकलच्या काउंटरपाशी संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की ते कानावर पडतं. साठीतले एक काका मोबाइल पुढे करतात, ‘अण्णा, ही गोळी हाय काय बघा की. झोप बी लागते आणि ब्लॉकेज बी जातंय म्हणे.’ दुकानदार डबी काढून देतो. काकांनी बीपीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी नमुना म्हणून आणलेली असते, पण ती खिशातच राहते. डबीला पैसे गेले, बीपीचं पुढच्या आठवड्यात बघू.

मेलाटोनिन घेतल्यामुळे माणसाच्या धमन्यांतला थर कमी होतो किंवा हार्ट अटॅक टळतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. म्हणून हृदयाचं औषध या नावाखाली त्याचा खप वाढवणं थांबलं पाहिजे, असं माझं मत आहे. त्याच वेळी या गोळीमागे लोक का धावतायत हेही बघायला हवं. बेळगाव जिल्ह्यातल्या हजारो माणसांना रात्रीची झोप मिळत नाही, ही गोष्ट खरी आहे. झोपमोडीचा हृदयाशी संबंध आहे, हेही खरं आहे. ही झोप मोडते ती मात्र विजेच्या वेळापत्रकाने आणि पाळ्यांच्या तक्त्याने. तिच्यावरचा इलाज आपण मेडिकलच्या दुकानात शोधतोय, याचं मला वाईट वाटतं.

मेलाटोनिन मेंदूतल्या पिनिअल या वाटाण्याहून लहान ग्रंथीत तयार होतं. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी १९५८ साली गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून ते वेगळं काढलं. आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत की समोरचं दृश्य दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. बाहेर उजेड किती आहे याची वर्दी त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. निळसर उजेडाने त्या सगळ्यात जास्त चाळवतात. अंधार झाला की मेलाटोनिन रक्तात यायला लागतं आणि पहाटे ओसरतं. रात्रभरात शरीर जेवढं मेलाटोनिन बनवतं ते मिलिग्रॅमच्या काही शंभरांश भागांइतकं असतं. बाजारातली गोळी तीन, पाच, दहा मिलिग्रॅमची असते. एवढ्या फरकाची वस्तू ‘नैसर्गिकच आहे की’ म्हणून खिशात टाकण्याआधी थोडं थांबावं, हे कुणालाही पटेल.

हृदयाबद्दलची आशा काही हवेतून आलेली नाही. १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी नोंदवलं की हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांच्या रक्तात रात्रीचं मेलाटोनिन निरोगी माणसांपेक्षा बरंच कमी आढळतं. नंतर उंदरांवर प्रयोग झाले. ज्या उंदरांच्या धमन्यांत चरबी लवकर साचते अशांना मेलाटोनिन दिलं, तेव्हा काही प्रयोगांत थर कमी झाला, त्याच्यातला दाह कमी झाला, वरचं आवरण घट्ट झालं. माणसांवरही एक छोटा पण नीटस प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब जास्त असलेल्या, पण औषध न घेणाऱ्या १६ पुरुषांना तीन आठवडे रोज रात्री अडीच मिलिग्रॅम मेलाटोनिन दिल्यावर झोपेतला वरचा रक्तदाब सहा अंकांनी आणि खालचा चार अंकांनी उतरला. हे सगळं खरं आहे, आणि मेसेज पाठवणारे यातूनच निवडून उचलतात.

जे ते सोडून देतात तेही सांगायला हवं. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक-६’ जातीच्या उंदरांत जनुकीय दोषामुळे स्वतःचं मेलाटोनिन जवळजवळ तयारच होत नाही, आणि धमन्यांच्या अभ्यासासाठी घेतलेले बरेचसे उंदीर याच वाणाचे असतात. मुळात जे नाही ते बाहेरून दिल्यावर दिसणारा फरक आपल्याला कितपत लागू पडेल? शिवाय उंदीर निशाचर. मेलाटोनिन रक्तात येण्याची वेळ म्हणजे त्याच्या कामाची वेळ आणि आपल्या झोपेची. दर किलो वजनामागे दहा मिलिग्रॅम असे डोस या प्रयोगांत नेहमीचे असतात. आणि सगळे प्रयोग एका दिशेने जातात असंही नाही. २००२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी चरबीयुक्त खाण्यावर ठेवलेल्या उंदरांना रोज मेलाटोनिन दिलं, तर महाधमनीच्या सुरुवातीच्या भागातला थर वाढला. हा निष्कर्ष एकाही मेसेजमध्ये नसतो.

माणसांवर प्रत्यक्ष हार्ट अटॅकच्या वेळी मेलाटोनिन देऊन पाहिलं गेलं. स्पेनमध्ये आणि डेन्मार्कमध्ये अँजिओप्लास्टीला आलेल्या रुग्णांना ते शिरेतून आणि थेट हृदयाच्या धमनीतून दिलं. दोन्ही ठिकाणी हृदयाच्या स्नायूचं नुकसान त्याने कमी झालं नाही. रक्तदाबाचीही दुसरी बाजू आहे. इटलीत २००० साली निफेडिपिन ही बीपीची गोळी घेणाऱ्या रुग्णांना चार आठवडे रोज पाच मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब साडेसहा अंकांनी वाढला आणि नाडीही जलद झाली. म्हणजे बिनऔषधाच्या माणसाचा दाब उतरवणारी वस्तू औषधवाल्याचा दाब चढवू शकते. आपल्याकडे गोळी विकत घेणारे काका-काकू आधीच बीपीच्या औषधांवर असू शकतात. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तो वेगळाच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अधिवेशनात एक मोठी पाहणी मांडली गेली. निद्रानाश असलेल्या सुमारे एक लाख तीस हजार प्रौढांच्या दवाखान्यांतल्या नोंदी तपासल्या. वर्षभर किंवा जास्त काळ मेलाटोनिन घेतल्याची नोंद असलेल्यांत पुढच्या पाच वर्षांत ४.६ टक्के लोकांना हार्ट फेल्युअर झालं, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडली, नोंद नसलेल्यांत २.७ टक्के लोकांना. हे वाचून घाबरून जावं असं मी म्हणणार नाही. ज्यांचा निद्रानाश जास्त तीव्र, तेच जास्त गोळ्या घेतात, आणि अमेरिकेत ही गोळी किराण्यासारखी मिळत असल्यामुळे नोंद नसलेले लोकही ती घेत असतील. त्यामुळे गोळीनेच हृदय थकलं असं यातून ठरत नाही. पण ‘हृदयासाठी रोज घ्या, वर्षानुवर्षं घ्या, अपाय काहीच नाही’ हे वाक्य आता कुणालाही छातीठोकपणे उच्चारता येणार नाही, एवढं नक्की ठरतं.

मला या सगळ्यात व्हिटॅमिन ‘ई’ आठवतं. १९९० च्या दशकात त्याचीही अशीच हवा होती, आणि तर्क हुबेहूब हाच होता. धमनीत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल. त्याचं ऑक्सिडेशन झालं की थर वाढतो. अँटिऑक्सिडंट दिलं की ऑक्सिडेशन थांबेल, मग थरही थांबेल. व्हिटॅमिन ‘ई’ घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो अशी निरीक्षणंही होती. सुशिक्षित घरांत कॅप्सूल सुरू झाल्या. मग नीट चाचण्या झाल्या. ‘होप’ नावाच्या चाचणीत ९,५४१ लोक होते. साडेचार वर्षांनी गोळीचा आणि नुसत्या साखरेच्या गोळीचा निकाल सारखाच. त्याच लोकांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा, २००५ साली, व्हिटॅमिन ‘ई’ घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर थोडं जास्तच दिसलं. ब्रिटनमधल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त २०,५३६ लोक होते. तिथे व्हिटॅमिनांचा उपयोग शून्य निघाला. पण त्याच चाचणीत, त्याच लोकांत, सिम्वास्टॅटिन नावाच्या स्वस्त गोळीने हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारखे प्रसंग सुमारे एक चतुर्थांशाने कमी केले. प्रयोगशाळेतला तर्क कितीही सुंदर दिसला तरी माणसांवर मोजल्याशिवाय त्यावर घरातले पैसे लावू नयेत, हे मी या चाचण्यांतून शिकलो. मेलाटोनिनची तशी मोठी, हृदयासाठीची चाचणी अजून झालेली नाही.

‘ब्लॉकेज विरघळतं’ या शब्दांनी तर आणखी मोठी गफलत होते. पाइपातला गाळ पाण्याच्या जोराने निघून जातो तसा धमनीतला थर निघत नाही, कारण तो भिंतीवर वरून चिकटलेला नसून भिंतीच्या आतच वाढलेला असतो. एलडीएल भिंतीत शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, मरतात, त्यांचा लगदा होतो आणि त्यावर तंतूंचं एक आवरण येतं. हे आवरण फाटलं की त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि धमनी अचानक बंद पडते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. थर विरघळवणारी गोळी नाही. रोसुवास्टॅटिनचा सगळ्यात मोठा, ४० मिलिग्रॅमचा डोस दोन वर्षं दिल्यावर साडेतीनशेच्या आसपास रुग्णांच्या धमन्यांतला थर सरासरी जेमतेम एक टक्क्याने घटला, असं २००६ साली क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं. त्या क्षेत्रात ही मोठी बातमी होती. मग तीन महिन्यांत ब्लॉकेज साफ करण्याच्या आश्वासनाची किंमत आपली आपणच करावी.

डबीत काय आहे हाही एक प्रश्न आहेच. कॅनडात ३१ वेगवेगळी मेलाटोनिन उत्पादनं तपासली तर लेबलापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन निघालं. काहींत सेरोटोनिन सापडलं, जे तिथे असायलाच नको होतं. अमेरिकेत २०२३ साली गमी म्हणजे चघळायच्या गोळ्या तपासल्या, तर २५ पैकी २२ ची लेबलं चुकीची निघाली. ब्रिटनमध्ये हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपल्याकडेही हृदयाचा दावा करून ते विकायचं असेल तर चिठ्ठी आणि औषधाच्या दर्जाची तपासणी, दोन्ही सक्तीचं हवं.

आता रात्रीकडे वळतो, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे.

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि धमन्यांना रोज मिळणारी ही विश्रांती. ज्यांचा दाब रात्री उतरत नाही त्यांना धोका जास्त. जपानमधल्या ओहासामा गावात वर्षानुवर्षं लोकांचा चोवीस तासांचा रक्तदाब मोजला गेला. रात्रीची ही उतरण पाच टक्क्यांनी कमी झाली की हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मरण्याचा धोका सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो, असं दिसलं. २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ३४ अभ्यासांतल्या वीस लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली: पाळ्यांत काम करणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका सुमारे २३ टक्के जास्त. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या सात निकषांत आठवा म्हणून झोपेची भर घातली. आणि हा धोका आपल्यासारख्यांना आधीच लवकर गाठतो. बावन्न देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं, इतरांचं त्याहून पाच-सहा वर्षांनी जास्त.

हे आकडे घेऊन आपल्या भागात एक रात्र फिरून यावं. कडोली, उचगाव, येळ्ळूरकडच्या शिवारांत, चिकोडी-रायबाग-अथणीच्या ऊसपट्ट्यात, खानापूरच्या जंगलाकडेच्या भातशेतीत. शेतीच्या पंपाला थ्री फेज करंट सात तास देण्याचं सरकारी धोरण आहे, पण ते तास पाळीपाळीने येतात आणि रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याची रात्र गेली. करंट रात्री दोनला येणार म्हणून तो अकराला आडवा होतो, गजर लावतो, दीडला उठतो, बॅटरी आणि काठी घेऊन बांधावर जातो. मोटर चालू करून परत येता येत नाही, कारण सरीतून पाणी फुटतं, दारं बदलावी लागतात. मधेच करंट गेलं तर तिथेच बसून वाट बघावी लागते. पहाटे सहाला घरी येतो तर धारांची वेळ झालेली असते. खानापूर तालुक्यात गवे, अस्वलं, हत्ती यांची भीती वेगळी. दिवसा वीज द्या, या मागणीसाठी आजवर सापाचा आणि जनावरांचा दाखला दिला गेला, आणि तो खराच आहे. शेतकरी नेते राजू शेट्टींनी फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणसमोर ठिय्या मांडला तेव्हाही दिवसा दहा तास वीज हीच मागणी होती. त्या मागणीत हृदयाचं कारण जोडण्याची वेळ आली आहे. पन्नाशीतल्या, बीपी असलेल्या माणसाला महिन्यातल्या निम्म्या रात्री दोनला उठवणं, हा आरोग्याचा प्रश्न आहे. तो वीज खात्याच्या बैठकीत आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडला पाहिजे.

वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकर गल्ल्यांत चित्र वेगळं, पण रात्र तशीच. माग घरातच. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार, मधे एक पडदा. ऑर्डर असली की माग रात्री बारा-एकपर्यंत चालतो, कधी रात्रभर. धागा तुटला तर दिसावा म्हणून मागावर पांढरी झगझगीत ट्यूब लावलेली असते. २०११ साली ११६ निरोगी लोकांवर केलेल्या एका प्रयोगात असं दिसलं की झोपण्याआधीचे तास घरातल्या साध्या दिव्याच्या उजेडात घालवले तरी जवळजवळ प्रत्येकाचं मेलाटोनिन उशिरा सुरू झालं आणि एकूण सुमारे दीड तास कमी काळ टिकलं. विणकर तर त्याहून कितीतरी प्रखर उजेडात, मागाच्या खडखडाटात, हाताने आणि डोळ्याने काम करत मध्यरात्र ओलांडतो. त्याच्या शरीरातलं मेलाटोनिन ट्यूबने घालवायचं आणि डबीतून परत विकायचं, हा व्यवहार मला मान्य नाही. त्याची बायको पडद्याआड कांड्या भरत बसलेली असते. तिच्या झोपेचा हिशोब तर कुणीच करत नाही.

उद्यमबाग आणि मच्छेतल्या फाउंड्र्या, मशीनशॉप, आणि गळीत हंगामातले साखर कारखाने यांच्या पाळ्या ठरलेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने कारखाने कायद्यात दुरुस्ती करून दिवसाला बारा तासांपर्यंत कामाची मुभा दिली आणि स्त्रियांना रात्रपाळीची परवानगी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहिली, हे मान्य. पण बारा तासांच्या रात्रपाळीनंतर, पिरनवाडीपलीकडच्या गावी दुचाकीने किंवा पहिल्या बसने पोचून, दुपारच्या उकाड्यात पत्र्याखाली माणूस किती झोपणार? पाळी बदलण्याची पद्धत सुधारायला फार पैसाही लागत नाही. अमेरिकेत युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात पाळ्यांचा क्रम सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा ठेवला आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलली. कामगारांना ते मानवलं आणि उत्पादनही वाढलं. १९८२ सालची ही गोष्ट आहे. आपल्याकडे किती कारखान्यांत पाळीचा तक्ता लावताना कुणी शरीराचा विचार करतं? कामगार संघटनांनी बोनसइतक्याच जोराने हे विचारायला हवं. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीचा हक्क आहे. त्यात नुसतं वजन-उंची न घेता रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि रात्रपाळीवाल्यांची झोप यांची नोंद व्हावी, आणि घरात माग चालवणाऱ्यालाही ती तपासणी मिळावी.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मनापासून येतो. वीज बदलेल तेव्हा बदलेल, कारखाना ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर त्या माणसाने काय करायचं? गोळीने दोन तास झोप जास्त मिळत असेल तर तुम्ही का आडवे येता? मी गोळीच्या आडवा येत नाही. पंचावन्नच्या पुढच्या लोकांच्या निद्रानाशासाठी दोन मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी मेलाटोनिन गोळी युरोपात २००७ पासून अधिकृत औषध आहे, तीही ठरावीक काळासाठी. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकर गोळ्या शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन कमी करतात. अशा १६ रुग्णांना अडीच मिलिग्रॅम दिल्यावर त्यांची झोप सुधारल्याचं २०१२ साली दिसलं. आपल्या भागात या गोळ्या असंख्य लोक घेतात. त्यांनी झोपेची तक्रार डॉक्टरांना सांगावी आणि डॉक्टरांनी ती कानावेगळी न करता ऐकावी, कारण तिथे मेलाटोनिनला जागा असू शकते. झोपेसाठी, थोडे दिवस, बाकीच्या औषधांची यादी समोर ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने. माझा विरोध आहे तो झोपेच्या गोळीला हृदयाची गोळी म्हणून विकायला, कारण त्या नावाखाली बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुटते. एलडीएल ३९ अंकांनी खाली आलं की हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारखे गंभीर प्रसंग पाचातला एक टळतो, हे लाखाहून जास्त लोकांच्या चाचण्यांतून मोजलेलं आहे. मोजलेली गोळी बंद करून न मोजलेली सुरू करणं, यात गरिबाचं कसलंही भलं नाही. आणि ज्याला अकराला झोपून दीडला उठायचं आहे त्याला कुठल्याच गोळीने झोप मिळत नाही. उलट अंगात झोप घेऊन तो अंधारात मोटरीच्या स्टार्टरला हात लावणार, याची मला धास्ती वाटते.

एक गोष्ट भाषेबद्दल, आणि ती मी राग बाजूला ठेवून लिहितो. औषधाच्या पाकिटावर इंग्रजी असतं, दवाखान्याच्या भिंतीवर कन्नड. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातल्या, मराठी चार इयत्ता शिकलेल्या आजीला दोन्ही वाचता येत नाही. तिच्यापर्यंत तिच्या भाषेत पोचते ती मोबाइलवरची मराठी, आणि त्या मराठीत नेमका खोटा दावा असतो. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त असलेल्या भागात सरकारी माहिती त्यांच्या भाषेतही द्यावी, हे तत्त्व देशात अनेक दशकांपासून मान्य आहे. त्याची मागणी आपण जमिनीच्या उताऱ्यासाठी आणि फलकांसाठी करत आलो. आरोग्याच्या कागदासाठी ती तितक्याच नेटाने करायला हवी. कन्नडला विरोध म्हणून हे मागू नये. छातीत दुखलं तर काय करायचं हे माणसाला आईच्या भाषेत कळावं, म्हणून मागावं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आणि त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला. त्या वादात दोन्हीकडच्या योजनांची साधी माहितीही रुग्णापर्यंत पोचेनाशी झाली, तर तोटा कुणाचा?

कारण माहिती पोचली तर जीव वाचतो, अशी एक योजना आपल्या दारात आहे. अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू केली. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात काढायचा, तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांनी लगेच वाचायचा आणि हार्ट अटॅक असेल तर टेनेक्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं, हजारो रुपये किमतीचं इंजेक्शन मोफत द्यायचं. लोक ज्याच्या शोधात डब्या विकत घेतायत, ते ‘विरघळवणारं’ औषध हे आहे. पण ते पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतं. ॲसिडिटी समजून सोडा प्यायला, मालिश केली, सकाळ होण्याची वाट बघितली की वेळ निघून जाते. हार्ट अटॅक पहाटेनंतर दुपारपर्यंतच्या वेळात जास्त येतात. म्हणजे रात्रभर पाणी पाजून आलेला माणूस सकाळी सातला छाती चोळत बसला असेल तर त्याला ‘जागरणाने झालंय, जरा पड’ असं म्हणू नये. १०८ ला फोन करावा आणि तालुक्याला न्यावं. २०२५ च्या उन्हाळ्यात हासनमधल्या तरुणांच्या अचानक मृत्यूंच्या बातम्यांनी सगळं राज्य हादरलं, तपासणीसाठी बंगळुरू-म्हैसूरच्या हृदय रुग्णालयांसमोर रांगा लागल्या. त्यानंतर अशा मृत्यूंची नोंद सक्तीची करण्याचा निर्णय सरकारने घेतला, हे चांगलं झालं. त्या नोंदीत एक रकाना वाढवावा: मृत माणूस रात्रपाळीवर होता का, आदल्या रात्री शेतात पाणी पाजायला गेला होता का. तसा आकडा एकदा हातात आला की विजेच्या वेळापत्रकावर बोलायला आपल्याकडे भक्कम पुरावा असेल.

पुढची वाट अगदीच नवी नाही. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली, आणि फीडरच, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणारी वाहिनीच, सौरऊर्जेवर चालवून शेतीला दिवसा वीज देण्याची तरतूद तिच्यात केली गेली. महाराष्ट्राने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. कागलचा शेतकरी आणि निपाणीचा शेतकरी एकाच नदीखोऱ्यात ऊस लावतात आणि दोघांनाही दिवसा वीज हवी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या किती फीडरांवर सौरप्रकल्प मंजूर झाले, कामं कुठवर आली, ते होईपर्यंत रात्रीची पाळी निदान दहाच्या आत संपवता येईल का, हे प्रश्न प्रत्येक ग्रामसभेने ठरावात घालून आपल्या आमदाराकडे आणि वीज कंपनीकडे लेखी पाठवावेत. फेब्रुवारीत उसाला पाण्याच्या पाळ्या वाढतात. त्याआधी हे ठराव गेले पाहिजेत.